टॅम्प्लीज म्हटलं की थांबायचं

माझ्या कामाच्या पिशवीत साबणाच्या फुग्यांच्या दोन बाटल्या कायम असतात. तुळशीबागेबाहेर मिळतात त्या साध्याच, टोपणात तो छोटा भुलभुलैया आणि त्यात फिरणारी गोळी असलेल्या. एक संपत आली की लगेच दुसरी आणून ठेवते. लहान मुलीला तपासणीच्या टेबलावर झोपवलं की ती सगळ्यात आधी श्वास धरून ठेवते, श्वास धरला की पोट आणि मांड्या घट्ट होतात आणि मग नुसता हात लागला तरी तिला दुखतं. फुगे फुंकायला लागली की श्वास लांब बाहेर जातो आणि अंग आपोआप सैल पडतं. "बाळा घाबरू नको, अंग सैल सोड" असं पन्नासदा सांगून जे होत नाही ते फुग्यांनी होतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मी पुण्यात मुलांच्या ओपीडीत मेडिकल सोशल वर्कर आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही. तपासणीच्या आधी, होताना आणि झाल्यावर मुलांजवळ आणि त्यांच्या घरच्यांजवळ असणं हे माझं काम. सुई, टाके, प्लास्टर, एमआरआय सगळं येतं त्यात. पण आज एका वेगळ्या तपासणीबद्दल लिहायचंय, मुलींच्या खतन्यानंतरच्या. खतना म्हणजे मुलीची शूची जागा कापणं किंवा टोचणं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.

मराठी पेपरात याला स्त्री जननेंद्रिय विच्छेदन म्हणतात. हा शब्द मी कुठल्याही आईसमोर वापरत नाही. ज्यांच्या घरात हे होतं त्या खतना म्हणतात किंवा खफ्ज म्हणतात, आणि मुलीसमोर बोलताना "शूची जागा" यापलीकडे काही लागत नाही. शब्द जड झाला की समोरची बाई गप्प होते, आणि ती गप्प झाली की तपासणी एका कागदावरची नोंद होऊन जाते.

मी हा विषय काढला की ओळखीतली माणसं पहिली हेच विचारतात, अगं पण ते आफ्रिकेत असतं ना? हो, तिकडे खूप आहे, सोमालियात तर जवळजवळ प्रत्येक बाईचं झालेलं असतं, आणि युनिसेफने २०२४ मध्ये जो आकडा दिला तो जगभरात २३ कोटींहून जास्त मुली आणि बायका असा आहे. आपल्या पुण्यात सुदानमधून शिकायला आलेले विद्यार्थी बायकामुलांसकट राहतात, त्यांच्यातल्या बायका बाळंतपणाला येतात तेव्हा तिथल्या डॉक्टरांना हे दिसतंच. पण भारतातही आहे, दाऊदी बोहरा समाजात मुलगी साधारण ७ वर्षांची झाली की करतात, आणि बोहरा घरं पुण्यात पिढ्यान् पिढ्या आहेत. बोहरी आळीत खिळे, कुलपं, नळाचं सामान आणायला आपण सगळे जातो, तिथल्या दुकानदारांशी आपलं मराठीत बोलणं होतं. ती आपलीच माणसं आहेत. त्यामुळे हे वाचून कुणी "बघा ते लोक कसे" असं म्हणणार असेल तर मी आधीच सांगते, या प्रथेविरुद्ध भारतात पहिला आवाज त्याच समाजातल्या बायकांनी काढला. साहियो ही संस्था २०१५ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, वुईस्पीकआउट हा गटही त्यांचाच, आणि २०१८ मध्ये वुईस्पीकआउटने जो अभ्यास केला त्यात बोलायला तयार झालेल्या कुटुंबांमधल्या ७ वर्षांवरच्या मुलींपैकी ७५ टक्के मुलींचा खतना झालेला होता. अभ्यास छोटा होता, पण स्वतःच्या आई आणि मावशीविरुद्ध बोलायला काय लागतं त्याचा विचार करा.

सरकारने मात्र २०१७ च्या डिसेंबरमध्ये, या प्रथेवर बंदी मागणाऱ्या याचिकेत, सुप्रीम कोर्टात सांगितलं की अधिकृत आकडेवारी नाही. २०१८ मध्ये अ‍ॅटर्नी जनरलनी तिथेच सांगितलं की आहे त्या कायद्यांतही हा गुन्हाच आहे. मग प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे गेलं आणि पुढे शबरीमला मंदिराच्या प्रकरणातल्या धर्मस्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नांना जोडलं गेलं. वेगळा कायदा अजून नाही. तोपर्यंत मुली येत राहतात, क्वचित येतात पण येतात, आणि बहुतेक वेळा खतना हा शब्द उच्चारत कुणीच येत नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बरीच वर्षं झाली, मी तेव्हा नवीन होते आणि दुसऱ्या ठिकाणी काम करायचे. पाच वर्षांची मुलगी, लघवीचा त्रास, खतन्याचा काही संबंध नव्हता. तपासायचं होतं आणि ती झोपायला तयार नव्हती. बाहेर रांग होती. डॉक्टर म्हणाले धरा तिला, दोन मिनिटांचं काम आहे. आयाबाईंनी हात धरले, आईने डोकं धरलं आणि पाय मी धरले. तिच्या पायात घुंगरांचे पैंजण होते, माझ्या मुठीत ते वाजत होते, ती पाय झाडेल तसे. दोन मिनिटांचं काम खरंच दोन मिनिटांत झालं. नंतर ती ओपीडीच्या बाकावर बसली होती, मी तिच्याजवळ गेले तर तिने दोन्ही पाय फ्रॉकच्या आत ओढून घेतले. कुणी आम्हाला वाईट म्हटलं नाही, उलट आईने थँक्यू म्हटलं. ते पैंजण मला आजही ऐकू येतात.

पुढे जेव्हा खतना झालेल्या बायकांनी स्वतःबद्दल लिहिलेलं वाचायला लागले तेव्हा त्यात पुन्हा पुन्हा तेच. पात्याबद्दल त्या थोडकं लिहितात. जास्त लिहितात ते कुणी कुठे धरलं होतं त्याबद्दल. आजीने पाय, मावशीने हात, आणि सगळ्या आपल्याच, सगळ्या प्रेमाच्या. म्हणजे अशा मुलीला आपण दवाखान्यात आणून, पुन्हा पाठीवर झोपवून, पुन्हा तिची चड्डी काढून, पुन्हा चार बायकांनी धरलं, तर तिच्या अंगाला दोन्हीतला फरक कसा कळणार? तिच्यासाठी ते दुसऱ्यांदा झालेलं असतं, आणि यावेळी आम्ही केलेलं.

म्हणून माझा एकच हट्ट आहे, आणि त्यासाठी मी सीनियर डॉक्टरांशीही भांडलेय. मुलगी थांब म्हणाली की थांबायचं. एवढंच बघू दे मग थांबू, असं चालत नाही. हात तिथल्या तिथे मागे. शब्दही तिच्याच खेळातला घ्यायचा. पुण्यातली कुठलीही मुलं पकडापकडी खेळताना दम लागला की टॅम्प्लीज म्हणतात, आणि टॅम्प्लीज म्हटल्यावर कुणी आऊट करत नाही, हा नियम त्यांच्यात इतका पक्का असतो की मला वेगळा शिकवावाच लागत नाही.

गेल्या डिसेंबरमध्ये एक मुलगी आली, तिला मी इथे चिमणी म्हणते. सात वर्षं पूर्ण, दुसरीत. शाळेच्या टीचरनी आईला फोन केला होता की ही दिवसभर शूला जातच नाही, पाणी पण पीत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती आठ दिवस मुंबईला आजीकडे राहून आली होती, आई सोबत नव्हती. आईला संशय आला होता पण तो तिने मोठ्याने कुणाला सांगितला नव्हता. मोरपंखी रिदा, म्हणजे बोहरा बायकांचा तो रंगीत बुरखा, घातलेली, पुण्यातच लहानाची मोठी झालेली बाई, आमचं सगळं बोलणं मराठीत झालं.

पहिल्या दिवशी आम्ही तपासलंच नाही. आधी आईला एकटीला बसवून मी सांगितलं की ताई, तुम्ही मला जे सांगाल त्यातलं सगळं मी गुपित ठेवू शकत नाही. मुलीला कुणी अशी इजा केलीये असं आम्हाला वाटलं तर पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं. हे ऐकून समोरची उठून निघून जाईल अशी भीती मला प्रत्येक वेळी वाटते, पोटात गोळा येतो, पण हे आधी न सांगता तिच्याकडून बोलून घ्यायचं आणि मग कागद पुढे करायचा हा मला विश्वासघात वाटतो. ती उठली नाही. बराच वेळ रिद्याची लेस बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, माझं पण झालंय. तेव्हा मी पण सात वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली. मी तिला ठकी दिली, माझी कापडी बाहुली, शिवून घेतलेली, बटणांचे डोळे. ठकीला बरं नाहीये, आपण तिला तपासू या, असं म्हटलं. चिमणीने तिला आडवी केली, आणि काही न बोलता एका हाताने ठकीचं तोंड दाबून धरलं. आपला तळवा तोंडावर आणि नजर दाराकडे. मी काही विचारलं नाही. तिथे विचारायचं नसतं, कोणी केलं, कुठे केलं, असं विचारून आपण मुलीच्या तोंडात आपले शब्द घालतो आणि पुढे कोर्टात तिचंच नुकसान होतं. ती आपणहून जे बोलते तेवढंच, तिच्याच शब्दात, लिहून ठेवायचं. मी फक्त म्हटलं की आमच्याकडे ठकीला बोलता येतं, टॅम्प्लीज म्हणता येतं. तिने बराच विचार केला आणि हात काढला. मग ठकीच्या वतीने स्वतःच म्हणाली, टॅम्प्लीज. मी दोन्ही हात वर केले. पुन्हा म्हणाली. पुन्हा वर केले. असं आठ-दहा वेळा झालं असेल, ती बघत होती की ही बाई खरंच थांबते का, आणि प्रत्येक वेळी मी थांबले.

मग खोली दाखवली. कोल्पोस्कोप म्हणजे तरी काय, स्टँडवरचा मोठा दिवा आणि कॅमेरा, तो अंगाला लागतच नाही, लांबूनच मोठं करून दाखवतो. आधी तिच्या हाताचं बोट त्याखाली धरायला दिलं, स्क्रीनवर बोटावरच्या रेषा बघून ती हसली. फोटो काढायचे असतील तर त्याची परवानगी वेगळी घ्यायची, आणि ते का काढायचे तेही सांगायचं, की उद्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत लागलं तर फोटो दाखवता येतात, मुलीला परत झोपवावं लागत नाही. एवढ्या लहान मुलीची आतून तपासणी करायची नसते, फक्त बाहेरून बघायचं असतं, पाय फुलपाखरासारखे करून, आईच्या मांडीवर बसूनसुद्धा होतं. हे आयांना माहीत नसतं, त्यांच्या डोक्यात स्वतःच्या बाळंतपणातल्या तपासण्या असतात आणि त्या आधीच गळून गेलेल्या असतात.

सगळं नीट चाललं होतं आणि मग एक झालं. आत जायच्या आधी कॉरिडॉरमध्ये आई अगदी सहज, कुठलीही आई म्हणेल तसं म्हणाली, बेटा, झालं ना की आपण आइस्क्रीम खायला जाऊ. चिमणीने आईचा हात सोडला आणि ती सरळ बाकाखाली शिरली. भिंतीला पाठ लावून बसली. आईला काही कळेना. मला पण क्षणभर कळलं नाही, मग कळलं. आइस्क्रीम खायला जाऊ असं म्हणूनच तर त्या दिवशी नेलं होतं. पुढे ती स्वतःच हे बोलली. ज्या बायकांनी आपलं लिहिलंय त्यांच्यातही हे सतत येतं, सिनेमाला जाऊ, चॉकलेट देते, बाजारात जाऊ. आपण मुलांना दवाखान्यात नेताना जे हमखास म्हणतो ते इथे नेमकं विष ठरतं. त्या दिवसापासून मी घरच्यांना आधीच सांगते की बक्षिसाचं नाव काढू नका, आणि खोटं तर मुळीच बोलू नका, कुठे जायचंय, काय होणार, कोण असणार, सगळं खरं सांगा, सात वर्षांच्या मुलीला खरं पेलतं.

मी पण बाकाखाली वाकून तिच्याशेजारी फरशीवर बसले. वीसेक मिनिटं आम्ही तिथेच होतो. डॉक्टर मॅडम येऊन बघून गेल्या, काही बोलल्या नाहीत, पुढचा पेशंट घेतला. हे त्यांचं मोठेपण आहे, कारण बाहेर ओपीडी तुडुंब होती. कायद्याने मुलीची तपासणी बाईडॉक्टरनेच करायची असते आणि आई किंवा मुलीचा विश्वास असलेलं माणूस सोबत लागतं, पॉक्सोच्या कलम २७ मध्ये तसं आहे. पण वीस मिनिटं वाट बघा असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, ते त्या माणसावर असतं.

शेवटी ती आपणहून आत गेली. ठकी कुशीत, फुग्यांची बाटली माझ्या हातात, आई उशाशी स्टुलावर. डॉक्टर प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगत होत्या, आता मी दिवा लावते, आता मी नुसती बघते, आता कापूस लावू का? चिमणी फुगे सोडत होती. एकदा टॅम्प्लीज म्हणाली, डॉक्टर मागे झाल्या, मग चिमणीच म्हणाली हां आता करा. आणि मग दुसऱ्यांदा टॅम्प्लीज म्हणाली तेव्हा सगळे थांबले आणि आम्हाला वाटलं दुखलं, तर ती म्हणाली, मला नाही, मम्मीला. आम्ही आईकडे बघितलं. ती छताकडे बघत होती आणि तिचे खांदे थरथरत होते. आवाज अजिबात नव्हता. आम्ही सगळ्या मुलीकडे बघत होतो, आईकडे लक्ष फक्त मुलीचं होतं.

नंतर चहा घेताना आई म्हणाली की माझं झालं त्या खोलीत पंखा होता, त्याचं एक पातं वाकडं होतं, मला बाकी काही आठवत नाही, तो पंखाच आठवतो. आमच्या तपासणीच्या खोलीत टेबलाच्या बरोबर वर पंखा आहे. इतकी वर्षं त्या खोलीत काम करून मी एकदाही त्या टेबलावर झोपून वर बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर झोपून बघितलं. आता टेबल खिडकीकडे सरकवलंय आणि छतावर लहान मुलांनी रंगवलेले कागदी पतंग चिकटवलेत.

तपासणीत काय दिसलं? ठोस काहीच नाही. आणि हेच घरच्यांना समजावणं सगळ्यात अवघड. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार केलेत, त्यातला तिसरा, शिवून जवळजवळ बंद करायचा, तो बघताक्षणी कळतो. पण आपल्याकडे जे होतं ते बहुतेक पहिल्या किंवा चौथ्या प्रकारातलं, नुसतं टोचणं, चिरा देणं, चिमूटभर कातडी काढणं, आणि लहान मुलीची ती जागा इतकी इवलीशी असते आणि इतक्या पटकन भरून येते की पाच-सहा आठवड्यांनी अनुभवी डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही. उलटंही होतं, काही लहान मुलींच्या त्वचेच्या घड्या आपोआप चिकटतात, ते अगदी साधं असतं, बरेचदा वय वाढलं की सुटतं, आणि कुणीतरी न शिकलेला ते बघून भलताच संशय घेतो. म्हणून हे बघायला तयारीचा डॉक्टर लागतो. लंडनमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलने २०१४ मध्ये खास मुलींसाठीच असं क्लिनिक काढलं, तिथे बालरोगतज्ज्ञांसोबत मानसोपचाराची आणि खेळाची माणसं एकत्र बसतात. असं आपल्याकडे व्हायला काय हरकत आहे, खरंच काय हरकत आहे.

आई म्हणाली, म्हणजे झालंच नाही का? तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती. डॉक्टर म्हणाल्या, दिसलं नाही म्हणजे झालं नाही असं नाही, तिने जे सांगितलंय त्यावर आमचा विश्वास आहे. आणि चिमणीला खाली बसून, डोळ्यात बघून सांगितलं की तुझी शूची जागा बरी आहे, तुझं अंग छान आहे, तू काही चुकीचं केलं नाहीस. चिमणीने विचारलं, शू केली तर आत्ता जळणार नाही? नाही जळणार. ती गेली आणि करून आली. दुपारचा एक वाजला होता, आणि सकाळपासूनची ती तिची पहिली वेळ होती.

पुढचं सगळं सोपं झालं नाही. कळवावं लागलं, कळवलं. जबाब घ्यायला बाई पोलीस घरीच आल्या, साध्या कपड्यात, तसं कायद्यातच आहे. तरी सोसायटीत कुजबूज झाली. सासर तुटल्यासारखं झालं, नवरा दोन महिने दोन्हीकडे ओढला गेला, आणि आई मला एकदा फोनवर म्हणाली की ताई कधीकधी वाटतं गप्प बसले असते तर बरं झालं असतं. मी तिला "असं वाटू देऊ नका" वगैरे काही म्हटलं नाही. ऐकून घेतलं. माझं काम तपासणीच्या दिवशी संपत नाही, आणि तिला फोन उचलणारं कुणीतरी हवं होतं.

चिमणीला धाकटी बहीण आहे, आता चार वर्षांची. एप्रिलमध्ये आईचा पुन्हा फोन आला, मे महिन्याची सुट्टी लागणार होती. आजी फोनवर रडली होती, मोठीला नाही तर नाही, निदान धाकटीला चार दिवस पाठव. आजीचं प्रेम खोटं नाही हे आईला माहीत आहे, तिला स्वतःलाही तसंच प्रेमाने नेलं होतं. आम्ही दोघी फोनवर बराच वेळ बोललो, काय म्हणायचं, कसं म्हणायचं, नवऱ्याने काय म्हणायचं. शेवटी तिने सासूबाईंना सांगितलं, तुम्ही पुण्याला या, हवं तितके दिवस राहा, पोरींना घेऊन सारसबागेत जा, मी पण सोबत येईन. सासूबाई म्हणाल्या, माझ्यावर विश्वास नाही का? ती म्हणाली, मी सोबत येईन.